पाठीमागच्या चादरीवरचं नाव

हिएतासाल्मी या उत्तरेकडच्या बर्फाळ गावात गुपिताला आयुष्य कमी. चर्चच्या पायरीवर सांडलेली गोष्ट पेट्रोल पंपावर पोचते तेव्हा कपातली कॉफीसुद्धा निवलेली नसते. अशा गावात तौनो हक्काराइनेनने अख्खा हिवाळा एक गुपित सांभाळलं, आणि त्यासाठी त्याला फारसं काही करावं लागलं नाही. सदुसष्टीचा माणूस, जन्मभर ओंडक्यांचा ट्रक हाकलेला, मंगळवारी संध्याकाळी शाळेत जाऊन लॅटिन शिकत असेल अशी शंकाच कोणाला आली नाही. शंका नाही म्हणून कोणी विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगत सुटायची तिथली रीत नाही.

वर्गातली पोरं बोलतील अशी धास्ती त्याला सुरुवातीला होती. लॅटिन घेणारी पोरं एका टेबलाभोवती मावतील इतकीच. शिकवायला रौहा इम्मोनेन बाई शेजारच्या गावाहून बसने यायच्या. त्यांनी पहिल्याच तासाला बजावलं, "काका इथे येतात हे कोणाला सांगायचं नाही."

"सांगायला कोणी विचारायला तर पाहिजे, बाई," हेल्का सोर्मुनेन म्हणाली. ही पोरगी वर्गातली सगळ्यात तिखट. "घरी आम्हाला एकच प्रश्न असतो, जेवलीस का."

तौनोला लपवायचं होतं त्याला कारण होतं, आणि ते कारण पिवळ्या रंगाचं होतं.

१९७५ साली तो पहिल्यांदा अबि झाला होता. शाळेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या पोराला तिकडे अबिट्युरिएंटी म्हणतात. एवढा शब्द तोंडात मावत नाही, म्हणून नुसतं अबि. मोठी परीक्षा पास झाली की मे महिन्याच्या शेवटी पांढरी टोपी मिळते, घरी पाहुणे येतात, गुलाब येतात. पाहुणे येणार म्हणून घराला रंग काढायचा, ही रीत. आणि रंग काढायचा तो निकालाच्या आधी, कारण निकाल आणि पाहुणे यांच्यामध्ये भिंत नीट वाळायलाही सवड नसते. तौनोच्या आईने घर पिवळंधमक रंगवलं, टोपी आणून कपाटावर ठेवली, साऱ्या पंचक्रोशीला आमंत्रण दिलं.

दुसरी रीत टेलिफोनची. जो नापास झाला त्याला मुख्याध्यापक निकालाच्या दिवशी दुपारी बाराच्या आत स्वतः फोन करतात. पास झालेल्याला फोन येत नाही. त्यामुळे त्या सकाळी अबि असलेल्या घरांमध्ये देव पाण्यात ठेवल्यासारखी शांतता असते. फोनकडे सगळे बघतात आणि बघत नसल्यासारखं करतात. हक्काराइनेनांच्या घरी आई केकवर साय फासत होती तेव्हा फोन वाजला. लॅटिन राहिलं होतं.

नापास होण्याला तिकडे 'पाठपिशव्या मिळाल्या' असं म्हणतात, आणि पाठपिशवीला म्हणतात रेप्पु. तौनोच्या वर्गातल्या ओस्मोने त्याच आठवड्यात त्याला रेप्पु म्हणायला सुरुवात केली. पोरांनी उचललं, मग पोरांच्या बापांनी. पुढे तौनोने ट्रक घेतला, दुसरा घेतला, मोठी शेड बांधली, तरी ओंडके 'रेप्पुकडून'च मागवले जात. त्यात वाईट भाव आता कोणाचा राहिला नव्हता. पण वाईट भाव नसलेलं नावही रोज ऐकलं की रोज लागतं.

पाहुणे न आलेलं ते घर पिवळंच राहिलं. आई गेली, तौनोचं लग्न झालं, रंगाचे पोपडे निघायला लागले, तरी त्याने कोणाला ब्रश लावू दिला नाही. त्याची बायको इर्या म्हणायची, "गावात सगळ्यांची घरं आहेत, आपल्याकडे कावीळ आहे."

बाकीचे विषय त्याने गेल्या दोन हंगामांत दूरच्या शहरातल्या प्रौढशाळेतून उरकले होते, खेप आहे असं सांगून. उरलं होतं लॅटिन, आणि ते फक्त गावातल्याच शाळेत होतं. टोपी मिळाली तर सांगायचं, नाही मिळाली तर कोणाला काही कळायचंच नाही, असा त्याचा हिशेब. या हिशेबात तोटा कुठेच दिसत नव्हता. असा हिशेब पाहिला की शहाण्याने बेरीज पुन्हा करावी. तौनोने केली नाही.

फेब्रुवारीत शाळेचं शिकवणं संपतं आणि अबि बाकांना रामराम ठोकतात. त्या गुरुवारी ते ट्रकच्या हौद्यात चढून गावातून मिरवतात, रस्त्यावरच्या पोराटोरांवर गोळ्या उधळतात, आणि ट्रकच्या अंगाला चादरी बांधून त्यांवर शिक्षकांची, गावाची, स्वतःची टर उडवतात. पुढे सगळे अभ्यासाला घरी बसतात आणि मार्चमध्ये परीक्षा. हिएतासाल्मीत या मिरवणुकीचा पहिला ट्रक नेहमी तौनोचा. स्टिअरिंगवरही तोच. आपलं चाक त्याने आजवर दुसऱ्याच्या हातात दिलं नव्हतं, बायकोच्याही नाही. आणि बायकोने तर उभी हयात पालिकेची वाचनालयाची बस चालवली होती, जंगलातल्या रस्त्यांवरून घरोघर पुस्तकं पोचवत.

"पुस्तकं वेगळी, ओंडके वेगळे," तो म्हणायचा.

"बरोबर आहे," इर्या म्हणायची. "पुस्तकं परत येतात."

मिरवणुकीच्या आधीच्या मंगळवारी वर्गात चादरीवर काय लिहायचं याचा काथ्याकूट चालला होता. कोणाला मुख्याध्यापकांच्या टकलावर लिहायचं होतं, कोणाला शाळेतल्या माशांच्या कटलेटवर. हेल्का म्हणाली, "अबिट्युरिएंटी हाच शब्द लिहू. सगळ्या विभक्त्यांत. दोन्ही बाजूंना आपल्या भाषेतला, पाठीमागे लॅटिन. दर विभक्तीसमोर एकाचं नाव."

"म्हणजे गावाला व्याकरण शिकवायचं?" एक मुलगा म्हणाला. "बर्फाचे गोळे मारतील."

पण रौहाबाई खुलल्या. त्यांनी फळ्यावर शब्द मांडला. "हा शब्द जुन्या रोमन लोकांचा नाही बरं का. त्यांच्या भाषेतला माल घेऊन पुढच्या मास्तरांनी घडवलाय. अर्थ काय? निघून जाऊ पाहणारा. नुसता जाणारा नव्हे. ज्याचे पाय शिवशिवतायत असा. रोमन त्याचं शेपूट पाचसहा परींनी फिरवतात. आपल्याकडे आला, आपण त्याला मागे एक 'ती' जोडली आणि पंधरा विभक्त्यांतून पिटाळला. अबित, अबितून, अबिकडे, अबिवरून, अबिवाचून, अबि होऊन…"

"लॅटिन म्हणजे पाच गिअरचा ट्रक," तौनो मागून म्हणाला. "आपला पंधरा गिअरचा. चढ मात्र दोघांनाही तोच."

"आणि तुमचा क्लच घसरतो, काका," हेल्का म्हणाली. "मागच्या मंगळवारी तिसऱ्या विभक्तीत बंद पडला होतात."

तौनो हसला, पण खुर्चीत त्याची चुळबुळ चालूच होती. गेले काही आठवडे त्याला एका जागी बसवतच नव्हतं. जेवताना उठून खिडकीशी जायचा. बातम्या चालू असताना शेडला कुलूप लावलंय का बघून यायचा, परत येऊन कोट न काढताच बसायचा. सौनात, म्हणजे घरामागच्या वाफेच्या न्हाणीत, एकटाच पुटपुटायचा. इर्या दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी राहायची आणि ऐकायची. कळत काही नव्हतं. प्रार्थना असावी असं वाटायचं, आणि तौनो प्रार्थना करणाऱ्यांतला नव्हता. तिने त्यावरून जे काय ताडलं ते तिने मनातच ठेवलं.

गुरुवारी सकाळी कडाक्याची थंडी होती. नाकातला श्वास आतच गोठत होता. तौनोच्या शेडमध्ये पोरांनी ट्रक सजवला. तौनो चादरी बघायला गेला नाही. तशी पद्धतच होती. दुसऱ्या ट्रकवाल्यांनी मजकूर चोरू नये म्हणून मिरवणूक निघेपर्यंत चादरींवर ताडपत्री असायची. आणि त्याचं लक्षही नव्हतं. तो केबिनमध्ये बसून विभक्त्या घोकत होता, इंजिन चालू करत होता, बंद करत होता, हातमोजे काढत होता, घालत होता. अबिंची नावं चादरीवर येणार हे त्याला ठाऊक होतं. त्या पोरांच्या लेखी आपणही अबिच आहोत, हे मात्र त्याच्या डोक्यातही आलं नाही. इतकी वर्षं तो ट्रकमध्ये पुढेच बसत आला होता.

मिरवणूक निघाली. ताडपत्र्या खाली आल्या. हौद्यात मांजरं, डॉक्टर, अस्वलं, एक ज्येष्ठ नन आणि दोन गाजरं असा जमाव नाचत होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी गाव उभं होतं.

पंपापाशी तौनोला पहिल्यांदा ते जाणवलं. ट्रक समोरून येताना लोक हात हलवत, पोरं गोळ्यांसाठी झेपावत, सगळं नेहमीसारखं. ट्रक पुढे गेला की मागून हशा उठत होता. समोरून नाही, बाजूनेही नाही. मागूनच. पुढच्या चौकात तेच. बँकेपाशी तेच. जिथून तो गेलेला असे तिथे लोक हसत होते.

मागचा दिवा लटकतोय का? कोणी पोरगं शेपटीला लोंबकळतंय? त्याने आरसे फिरवून पाहिले. आरशात चादरीची नुसती कड दिसत होती. त्याच्या मानेवर घाम आला, त्या थंडीत. एका म्हाताऱ्या बाईने मागून त्याचं नाव घेऊन काहीतरी ओरडल्यासारखं वाटलं. मग वाटलं भास असेल.

वाचनालयापाशी इर्या उभी होती, हातात कॉफीचा थर्मास. दरवर्षी तिथेच उभी राहायची. तिने हात हलवला, त्यानेही हलवला. ट्रक पुढे गेला. तौनोने आरशात पाहिलं. इर्याचा वर गेलेला हात हवेतच थांबला होता. मग तो हळूहळू खाली आला. ती हसत नव्हती.

तौनोने ब्रेक दाबला. हौद्यातली अस्वलं गाजरांवर आदळली. मागचे सगळे ट्रक हॉर्न वाजवत थांबले.

तो खाली उतरला आणि मागे चालत गेला. मागच्या फळीवर चादर ताणून बांधली होती. वर लॅटिनमधला तो शब्द, खाली त्याची एकेक विभक्ती, प्रत्येकीसमोर एकेक नाव: हेल्का, तिचे सवंगडी. सगळ्यात शेवटी, संबोधनासमोर, लाल रंगात, इतरांपेक्षा हातभर मोठ्या अक्षरांत: हे निघू पाहणाऱ्या तौनो हक्काराइनेन!

सॉसेजच्या गाडीपाशी ओस्मो उभा होता, अर्धं सॉसेज तोंडात, अर्धं हातात. पेन्शनीत निघाला तरी त्याच्या गालांवरचा जुना वात्रटपणा गेला नव्हता. पण आज तो चावायचंही विसरला होता.

तौनोने वर पाहिलं. हौद्याच्या कडेवरून मांजरीचे कान घातलेली हेल्का वाकली होती.

"बाईंनी सांगितलं होतं ना, कोणाला सांगायचं नाही," तौनो म्हणाला.

"आम्ही कोणाला सांगितलं नाही, काका," ती म्हणाली. मग तिचा चेहरा उतरला. "लिहिलं फक्त. अबिचं नाव चादरीवर असतंच. तुमचंच एकट्याचं कसं वगळायचं? ते वाईट दिसलं असतं."

आणि ते खरं होतं. त्यात खोडी नव्हती. तौनोला खोडी असती तर बरं झालं असतं. खोडीवर रागावता येतं. त्याने हात पुढे करून चादरीचं टोक पकडलं. एक हिसका दिला असता तर दोरी तुटली असती. पण वाचून झालेलं कुठे फाडणार? पंपापासून वाचनालयापर्यंत गाव ते वाचून बसलं होतं. मार्चमध्ये तो परीक्षेला बसणार, मे महिन्यात कळणार, आणि या खेपेला ते सगळ्यांच्या देखत. पुन्हा. त्याच्या कानात केकवरच्या सायीजवळ वाजलेला तो फोन वाजायला लागला.

"सोड ते," इर्या म्हणाली. ती फुटपाथवरून खाली उतरून त्याच्या मागे येऊन उभी होती.

"इर्या, मी सांगणारच होतो."

"कधी?"

"टोपी मिळाली की."

"आणि नाही मिळाली तर?"

हिशेबातला तो रकाना त्याने कोरा ठेवला होता.

"मंगळवारी मंगळवारी गायब. जेवण निम्म्यावर आलेलं. सौनात पुटपुटतोस," इर्या म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली खाली जात राहिला, आणि अख्खा रस्ता कान देऊन ऐकत होता. "पहिल्यांदा वाटलं दुसरी बाई. म्हटलं, या वयात? तिचं नशीब. मग वाटलं डॉक्टरांकडे जातो आणि मला सांगत नाही. अरे म्हाताऱ्या, मी गेले तीन महिने तुझं मयत करतेय मनातल्या मनात! तुझा काळा सूट धुऊन आणला. पाद्रीबाईला कोणतं गाणं सांगायचं तेही ठरवलं. आणि तू इथे… इथे…" तिने चादरीकडे हात केला. "अख्ख्या गावाने वाचलं. मी शेवटी."

"शेवटी नाही," ओस्मो मधेच बोलला. "अजून चर्चकडचा रस्ता राहिलाय."

"तू सॉसेज खा, ओस्मो," इर्या म्हणाली, आणि ओस्मोने खाल्लं.

मागून हॉर्न वाजायला लागले होते. इर्याने थर्मास तौनोच्या हातात कोंबला आणि ट्रकच्या पुढच्या बाजूला चालायला लागली.

"कुठे चाललीस?"

"कोणीतरी चालवायला नको?"

"ट्रक मी चालवतो."

"तू वर चढ. तुझं नाव कुठे लिहिलंय बघ. ड्रायव्हरच्या जागेवर लिहिलंय?"

"क्लच जड आहे तो," तौनो म्हणाला. आयुष्यात इतकं दुबळं कारण त्याने कधी दिलं नव्हतं. इर्या केबिनमध्ये चढली, तिने सीट पुढे ओढली, तीसुद्धा एका झटक्यात, जणू ती खटकी तिला वर्षानुवर्षं पाठ होती. तौनो रस्त्यात थर्मास धरून उभा. वरून दोन गाजरांनी आणि एका ननने हात खाली सोडले. दम लागेपर्यंत ओढून त्यांनी त्याला हौद्यात घेतलं. त्याच्या पाठीत कळ आली, लोकरी टोपी खाली पडली, कोणीतरी ती परत फेकली.

ट्रक निघाला. पहिला गिअर, दुसरा, तिसरा, लोण्यातून सुरी फिरावी तसे. तौनोला त्याचा भयंकर राग आला. त्याचा उजवा पाय हौद्याच्या फळीवर नसलेला ब्रेक दाबत होता. वळणावर हात आपोआप नसलेल्या चाकाकडे जात होते. वरून गाव वेगळंच दिसत होतं. सगळ्यांचे चेहरे वर वळलेले. इतकी वर्षं या मिरवणुकीतून त्याने फक्त टोप्या आणि खांदे पाहिले होते.

हेल्काने त्याच्या ओंजळीत गोळ्या ओतल्या. "फेका काका. अबिचं तेवढंच काम असतं."

ओस्मो सॉसेज संपवून ट्रकसोबत फुटपाथवरून धावत येत होता, धापा टाकत. "रेप्पु!" तो ओरडला. "ए रेप्पु! इकडे फेक की!"

ते नाव त्या रस्त्यावर, त्या आवाजात, हजारदा ऐकलेलं. तौनोने मूठ आवळली, नेम धरला आणि खारट ज्येष्ठमधाची एक मोठी गोळी ओस्मोच्या कपाळावर मारली. टण्णकन. रस्ता हसला. या खेपेला हशा मागून नव्हता, चारी बाजूंनी होता, आणि त्यातला बराचसा ओस्मोच्या वाट्याला गेला.

त्या दिवशी घरी गुरुवारचं वाटाण्याचं सूप होतं. इर्याने दोन वाडगे वाढले, आपला सरकवून ठेवला आणि खिडकीतून बाहेरच्या भिंतीकडे पाहिलं.

"मे महिन्यात रंग काढायचा," ती म्हणाली.

तौनोने चमचा खाली ठेवला. "नाही. निकाल लागल्यावर बघू."

"निकाल लागल्यावर भिंत वाळत नाही."

"इर्या, मागच्या वेळी…"

"मागच्या वेळी भिंतीने काय केलं होतं? परीक्षेला तू बसणार आहेस. भिंत बसणार नाहीये. ती पास-नापास कशी होईल? पोपडे निघालेत, रंग लागेल. तू पास हो की नापास हो."

तौनो उठला, शेडला कुलूप आहे का बघून आला. परत आला तेव्हा इर्याने सूप पुन्हा गरम केलं होतं आणि सुपात घालायच्या मोहरीच्या चटणीची वाटी त्याच्या बाजूला सरकवली होती. भांडण संपलं असा त्याचा अर्थ नव्हता. पण सूप गार झालं तर भांडणाचा उपयोग काय, असा होता.

मार्चमध्ये परीक्षा झाली. पोरं सराईतपणे कॉम्प्युटरवर टाइप करत होती. तौनो दोन बोटांनी, ओंडके रचावे तशी अक्षरं रचत होता. बाहेर आल्यावर रौहाबाईंनी विचारलं, "कसा गेला?" तो म्हणाला, "चढ होता. वर पोचलो की मधेच थांबलो, ते धुक्यात दिसलं नाही."

पुढचे दोन महिने त्याने गावाला वैताग आणला. पंपावर येई, कॉफी घेई, निम्मी टाकून जाई. ट्रकचं तेल बदललेलं असताना पुन्हा बदलत बसे. लोक आता उघड विचारत, "कधी आहे रे निकाल?" आणि तो दर वेळी तारीख सांगताना दुसरीकडे बघे. इर्याने त्याच्या डोक्याचं माप तो सोफ्यावर घोरत असताना शिवणाच्या फितीने घेतलं आणि टोपी मागवली. त्याने नाही म्हणायच्या आत ती कपाटावर येऊन बसली होती, खोक्यासकट. खोकं उघडायचं नाही एवढ्यावर दोघांचं जमलं.

निकालाच्या दिवशी सकाळी तौनो शिडीवर होता. घर खरवडून झालं होतं. रस्त्याकडच्या भिंतीवर राखाडी निळा रंग चढत होता. रंगाचा डबा शिडीला लटकवलेला आणि फोन अंगातल्या डांगरीच्या छातीवरच्या खिशात, हाताला जाणवेल असा. तो वाजू नये.

गावाला ती रीत तोंडपाठ होती. त्या सकाळी तौनोला कोणी म्हणून फोन केला नाही. ओंडक्यांचा व्यापारी, ज्याला रोज सकाळी काही ना काही काम असे, तो गाडी घेऊन स्वतः आला, फाटकातूनच म्हणाला, "सोमवारची खेप पक्की, फोन करणार होतो पण म्हटलं नको," आणि निघून गेला. पंपावरची मुलगी सायकलवरून बिल देऊन गेली. मग ओस्मो आला.

"मी फोन नाही केला हं," तो खालून ओरडला. "मुद्दाम चालत आलो!"

तौनोचा ब्रश हातातून सुटता सुटता राहिला. "तू मरायला आलास का मारायला?"

"बघायला आलो. या कोपऱ्यात पिवळं दिसतंय अजून."

"दिसतंय ते मला दिसतंय."

ओस्मो अंगणातल्या बाकावर बसला. फाटकाशी शेजारीण उभी राहिली, मग तिचा नवरा. रौहाबाई बसने आल्या होत्या आणि शाळेत न जाता इकडेच वळल्या होत्या. सगळे भिंतीकडे बघत होते, आणि तौनो भिंतीला तोंड करून, अंगणभर डोळे पाठीवर घेऊन, एकाच फळीवरून पुन्हा पुन्हा ब्रश फिरवत होता. त्याला वाटत होतं, उतरावं आणि जंगलात चालत जावं. त्याला असंही वाटत होतं की ही माणसं उठून गेली तर आपल्याला चालणार नाही. दोन्ही एकदमच वाटत होतं.

फोन वाजला.

शेजारणीने तोंडावर हात घेतला. तौनोने खिशात हात घातला, हात रंगाने माखलेला, फोन निसटला, झेलला, चष्म्यावर रंगाचा ठिपका, नाव दिसेना. डबा शिडीवरून सुटला आणि खाली गवतावर राखाडी निळं तळं झालं.

"हक्काराइनेन," तो म्हणाला.

"कॉफी झालीय," फोनमधून इर्या म्हणाली. "पाव गरम आहेत. खाली ये."

तो बाहेर काम करत असला की ती नेहमी स्वयंपाकघरातून असाच फोन करायची. सवयच होती. पुढचं वाक्य तिने फोनमध्ये नाही, खिडकीतूनच उच्चारलं, दोन्ही हात डोक्याला लावून: "अरे देवा! मी काय केलं हे!"

ओस्मो बाकावरून घसरून हसत हसत खाली बसला. रौहाबाईंना हसू आवरेना म्हणून त्यांनी पर्स तोंडाशी धरली. तौनोने शिडीवरूनच बायकोला जे सुनावलं ते रोमन लोकांच्याही पाच विभक्त्यांत बसलं नसतं. पण खाली काही तो आला नाही.

घड्याळ कोणी पाहायचं, यावर अंगणात कुजबुज झाली. शेवटी चर्चची घंटा वाजली. घंटा वाजून संपली.

"बारा," ओस्मो म्हणाला.

फोन गप्प होता.

इर्या बाहेर आली. तिच्या हातात कपाटावरचं खोकं होतं, आणि एप्रनला पावाचं पीठ. तिने ते खोकं शिडीच्या तळाशी, रंगाच्या तळ्यापासून जपून, उंच धरलं.

"खाली ये, अबि," ती म्हणाली.

"अबि कुठला आता," तौनो वरून म्हणाला. "संपला तो."

"मग आता तुला काय म्हणायचं?" ओस्मोने विचारलं. विचारताना त्याने कपाळाला हात लावला, जिथे गोळी लागली होती.

"रेप्पुच म्हण. नवीन नावाने हाक मारलीस तर मी वळून बघायचो नाही."

तो एक पायरी उतरला. मग थांबला. पाय पुन्हा शिवशिवत होते, कुठे जायचं ते न कळता. इतकी वर्षं जे करायचं राहिलं होतं ते आता करून झालं होतं. "आता काय करायचं मी?" तो म्हणाला, कोणाला म्हणाला ते त्यालाही माहीत नव्हतं.

इर्याने सांडलेल्या रंगाकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग त्याच्याकडे.

"आधी कॉफी," ती म्हणाली. "मग रंगाचा दुसरा डबा आण. मागची भिंत अजून पिवळीच आहे."